क्लास पुण्याचा की जळगावचा, हे ठरवण्याआधी

अमळनेर तालुक्यातील एका शेतकरी वाचकाने लिहिले आहे : मुलगी अकरावी कला शाखा उत्तीर्ण होऊन आता बारावीत जाईल. दहावीला ८४ टक्के गुण होते; शिक्षण सगळे मराठी माध्यमातून झाले आणि घरात बोलणे अहिराणीत. आम्ही ओबीसी प्रवर्गातील. मुलीला वकील व्हायचे आहे. पुण्यातील एका क्लासचे प्रतिनिधी महाविद्यालयात येऊन गेले. त्यांचा वर्षभराचा वर्ग आहे, क्लॅट आणि सीईटी या कायद्याच्या दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी एकत्र, शुल्क दीड लाखाच्या आसपास, वसतिगृहाचा खर्च वेगळा. बारावीच्या हजेरीची सोय ‘होऊन जाते’ आणि पदवी हाती पडताच मुलगी थेट न्यायाधीशाच्या परीक्षेला बसू शकते, असे त्यांनी सांगितले. जळगावात शनिवार-रविवारचा एक वर्ग आहे, त्याचे शुल्क याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके. मुलीचे मामा तेथेच राहतात. भाव वाढेल या आशेने कापूस अजून घरात भरून ठेवला आहे आणि पेरणी तोंडावर आली आहे. मुलीला पुण्याला पाठवावे का, जळगावचा वर्ग पुरेल का, आणि मराठी माध्यमामुळे ती मागे तर पडणार नाही ना, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

बियाण्याचा आणि क्लासचा पैसा एकाच घरातून निघणार आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागून देतो. मुलीला या वर्षी पुण्याला पाठवू नका आणि क्लासच्या हप्त्यासाठी घाईने कापूस विकायला काढू नका. जळगावचा वर्ग पुढे सांगतो त्या कसोट्यांना उतरला तर तो पुरेसा आहे. नाही उतरला, तर केवळ सराव चाचण्यांची मालिका घेऊन अमळनेरला राहूनही ही तयारी होऊ शकते.

आपल्या पत्रात क्लासविषयी पुष्कळ मजकूर आहे, पण मुलगी नेमकी कोणती परीक्षा देणार हे कोठेच ठरलेले दिसत नाही, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. क्लॅट आणि राज्याची विधी सीईटी या दोन परीक्षांची नावे प्रतिनिधींच्या तोंडी जोडीने येत असली, तरी त्या स्वभावाने फार वेगळ्या आहेत. क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाची परीक्षा. आपल्या राज्यातील मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत तिच्याद्वारे प्रवेश मिळतो. ती अलीकडे डिसेंबरात, म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेआधी होते. परीक्षा कागदावर आणि फक्त इंग्रजीत असते. दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. शिवाय २०२० पासून ही परीक्षा उताऱ्यांवर उभी आहे. चालू घडामोडी असोत की कायदा, आधी साडेचारशे शब्दांपर्यंतचा इंग्रजी उतारा वाचायचा आणि मग त्याखालचे प्रश्न सोडवायचे. गणितातही आकडेमोडीआधी इंग्रजी परिच्छेद किंवा तक्ता समजून घ्यावा लागतो. ज्या विद्यार्थ्याला वेगाने इंग्रजी वाचण्याची सवय नाही, त्याला येथे कायदा येत नाही म्हणून नव्हे, तर वाचून होत नाही म्हणून गुण कमी पडतात.

पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. ती बोर्डाची परीक्षा संपल्यावर, संगणकावर होते आणि तिची प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही असते. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पूर्वी १५० प्रश्न असत. २०२५ च्या परीक्षेपासून ते १२० झाले, गुण १२० आणि वेळ १२० मिनिटे. त्यांत कायद्याचा कल व विधी तर्क यांना ३२, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमतेला ३२, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना २४, इंग्रजीला २४ आणि प्राथमिक गणिताला ८ गुण आहेत. मुंबईचे १८५५ सालचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय, तसेच आपल्या खान्देशातील जळगाव, धुळे व नंदुरबार येथील विधी महाविद्यालये या सर्वांचा दरवाजा हीच सीईटी आहे.

आपण वर्णन केले आहे त्या मुलीसाठी सीईटी ही मुख्य परीक्षा असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. क्लॅट देऊच नये असे मी म्हणत नाही. तिला इंग्रजी वर्तमानपत्र न कंटाळता वाचता येत असेल तर तिने जरूर अर्ज करावा. मात्र त्या अर्जाचेच शुल्क खुल्या व ओबीसी प्रवर्गासाठी ४००० रुपये आहे आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांत जाते, हे घरात आधी बोलून घ्यावे. दोन्ही परीक्षांची तयारी एकत्र होते हे सांगणे अर्धे खरे आहे. विधी तर्क आणि चालू घडामोडी यांचा पाया सामाईक असतो, पण एकत्र वर्गातील सारा रोख डिसेंबरातील क्लॅटकडे राहतो आणि ती आटोपली की शिकवणाऱ्यांचाही उत्साह ओसरतो. मराठीतून सीईटी देणाऱ्या मुलीला अशा वर्गात आपल्या प्रश्नपत्रिकेचा सराव फारसा मिळत नाही.

पुण्याविषयी मला आणखी एका गोष्टीची काळजी वाटते, आणि ती पैशाची नाही. बारावीची हजेरी ‘होऊन जाते’ याचा सरळ अर्थ असा की मुलीचे नाव एका महाविद्यालयात राहील आणि ती प्रत्यक्षात दुसऱ्या गावी क्लासमध्ये बसेल. कायदा शिकायला निघालेल्या मुलीची सुरुवात खोट्या हजेरीने व्हावी, हे मला पटत नाही. व्यवहारही असा आहे की प्रवेशासाठी बारावीला खुल्या प्रवर्गात ४५, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. ती अट हलकी असली तरी सतराव्या वर्षी अनोळखी शहरात, खानावळीच्या जेवणावर, महाविद्यालयाशी संबंध तोडून राहिलेल्या मुलांची बारावीच घसरलेली मी पाहिली आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही शाळा-महाविद्यालयाच्या वेळेत त्याच विद्यार्थ्यांचे वर्ग घेऊ नयेत असे म्हटले आहे.

न्यायाधीशपदाचे आश्वासन तर जुनेच झाले आहे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसण्यासाठी वकिलीचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, ही अट सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा आणली. म्हणजे पाच वर्षांची पदवी, मग सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मग तीन वर्षे न्यायालयात उभे राहणे, आणि त्यानंतर ती परीक्षा. जो क्लास हे सांगत नाही, त्याला एक तर माहीत नसावे किंवा सांगायचे नसावे.

आता जळगावच्या वर्गाविषयी. बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल, मुदत आणि पावती पाहतो, तशीच तपासणी येथे करायची आहे, आणि ती पैसे भरण्यापूर्वी. मुलीला घेऊन एका शनिवारी जा, अमळनेरहून जळगावला रेल्वे सरळ आहे, आणि तिला एक पूर्ण तास वर्गात बसू द्या. त्या वेळात आपण छापील नोट्स मागून घ्या. त्यांत प्रश्नसंख्या १५० लिहिलेली असेल, तर त्या २०२५ पूर्वीच्या आहेत. दुसरी खूण अधिक महत्त्वाची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. नोट्समध्ये खुनाचे कलम अजून ३०२ म्हणूनच छापलेले असेल आणि त्याची शिक्षा न्याय संहितेच्या कलम १०३ मध्ये गेल्याचा उल्लेखही नसेल, तर कपाटात पडलेला जुना माल आपल्या मुलीला विकला जात आहे असे समजावे.

त्यानंतर विचारायचे ते चाचण्यांविषयी. व्याख्याने किती होतात हा प्रश्न दुय्यम आहे. व्याख्यान आज मोबाइलवरही मिळते. पूर्ण १२० प्रश्नांच्या चाचण्या संगणकावर होतात का, त्या मराठीतूनही देता येतात का, आणि चाचणी झाल्यावर कोणी जाणकार माणूस प्रत्येक मुलाच्या चुका घेऊन बसतो का, हे विचारा. वर्गात जाऊन शिकण्यावर जास्त पैसा खर्च करायचा तो याचसाठी. आपण काय चुकलो हे मुलांना उत्तरतालिकेवरून कळते, पण का चुकलो हे बहुधा दुसऱ्यालाच दाखवून द्यावे लागते. एका खोलीत शंभर मुले असतील तर हे होणार नाही. तीस-पस्तीस असतील तर होऊ शकते. कायद्याचा भाग शिकवणारी व्यक्ती विधी पदवीधर आहे की बँकांच्या परीक्षांचे रिझनिंग घेणारे सरच तोही उरकतात, याचीही चौकशी करावी. जळगावसारख्या गावात असे होणे अगदीच अशक्य नाही.

शुल्काबाबत सांगायचे तर एकरकमी भरू नका. शिकवणी वर्गांवर १८ टक्के जीएसटी आहे, तेव्हा सांगितलेली रक्कम करासहित की कराविना, हे लेखी घ्या, आणि प्रत्येक हप्त्याची पक्की पावती मागा. वर उल्लेखलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पूर्ण शुल्क भरून विद्यार्थ्याने मध्येच वर्ग सोडला तर उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत केले पाहिजे. त्या सूचना आहेत, कायदा नव्हे, म्हणून परताव्याची अट प्रवेशाच्या अर्जावरच लिहून घेणे शहाणपणाचे. भिंतीवरच्या यशस्वी विद्यार्थ्यांच्या फोटोंनी दिपून जाऊ नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा जाहिरातीत त्या विद्यार्थ्याने कोणता अभ्यासक्रम किती काळ केला होता आणि तो पैसे भरून केला होता का, हे सांगणे वर्गचालकांना आवश्यक आहे. तेवढेच विचारा. पुष्कळ फोटो फक्त चाचण्या देऊन गेलेल्या मुलांचे निघतात. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग जळगावातच आहे.

वाचवलेला पैसा पुढे कोठे लागेल, याचाही हिशेब मांडून ठेवतो. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. म्हणजे सीईटीचे गुण चांगले आले तर महाविद्यालयाच्या शुल्काचा मोठा भार उतरेल, पण पुण्या-मुंबईत पाच वर्षे राहण्या-जेवण्याचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. दीड लाख रुपये तेव्हा लागणार आहेत. ते आज क्लासला देऊन टाकले, तर उद्या मुंबईचा प्रवेश मिळूनही सोडावा लागण्याची वेळ येऊ शकते.

येथून पुढचा मजकूर मुलीला वाचायला द्या. मी तिच्याशीच बोलतो.

बेटा, विधी तर्काच्या प्रश्नांत हुशार मुले का चुकतात, ते एका उदाहरणाने सांगतो. प्रश्नात तत्त्व दिलेले असते : दुसऱ्याच्या ताब्यातील जमिनीवर कायदेशीर कारणाशिवाय प्रवेश करणे हे अतिक्रमणाचे अपकृत्य आहे, जमीन आपलीच आहे असा प्रवेश करणाऱ्याचा प्रामाणिक समज असला, तरी तो बचाव ठरत नाही. मग प्रसंग येतो : बांधापलीकडचा पडीक पट्टा आपलाच समजून गणपतने त्यात नांगर घातला. तो पट्टा शेजारच्या रघुनाथच्या ताब्यातील होता. रघुनाथचे काहीच नुकसान झाले नाही. गणपत जबाबदार आहे का? पर्याय चार : नाही, कारण त्याचा समज प्रामाणिक होता, नाही, कारण नुकसान झाले नाही, होय, कारण त्याने रघुनाथच्या ताब्यातील जमिनीवर प्रवेश केला, होय, कारण त्याला जमीन बळकवायची होती.

आपल्याकडे बांधाचे भांडण कोणी पाहिलेले नाही? गावात असा प्रसंग आला तर चार माणसे बसतील, चूक झाली म्हणतील आणि मिटवतील. त्या सवयीने मन पहिल्या पर्यायाकडे ओढले जाते. पण प्रामाणिक समज बचाव नाही हे तत्त्वातच लिहिले आहे. दुसरा पर्याय अधिक फसवा आहे, कारण नुकसान नाही तर तक्रार कसली, असे कोणालाही वाटेल. मात्र तत्त्वात नुकसानीचा शब्दही नाही, तेव्हा ती अट तू आपल्या मनाने घालायची नाही. चौथ्यात निष्कर्ष बरोबर असून कारण प्रसंगात न दिलेले आहे. उत्तर तिसरे. असे प्रश्न सोडवताना काही काळ तरी प्रत्येक पर्यायापुढे तो का बाद केला हे एका ओळीत लिहीत जा. हे काम सुरुवातीला अतिशय संथ वाटेल. दिवाळीपर्यंत वेगाची चिंता करू नकोस, त्यानंतर घड्याळ लावून बस.

पाठांतराचा भाग यापेक्षा लहान आहे. संविधानाचा तिसरा भाग, म्हणजे अनुच्छेद १२ ते ३५ मधील मूलभूत हक्क, आणि संसद, न्यायालये, राज्यपाल यांविषयीच्या मुख्य तरतुदी मराठीत नीट वाच. राज्य मंडळाची नववी ते बारावीची राज्यशास्त्राची पुस्तके यासाठी चांगली आहेत आणि ती तुझ्या घरात असतीलच. कायद्याच्या संज्ञांची एक वही ठेव, त्यात मराठी संज्ञा आणि शेजारी इंग्रजी लिहीत जा. शासनाच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश त्यासाठी उपयोगी पडेल. मराठी प्रश्नाची भाषा कधी कधी इतकी अवघड असते की इंग्रजी वाक्य पाहिल्यावरच अर्थ लागतो, म्हणून परीक्षेत दोन्ही पाहण्याची सवय हवी. गणिताच्या आठ गुणांसाठी दहावीपर्यंतचे शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी आणि नफा-तोटा एवढे पुरे.

इंग्रजीचे काम मात्र कोणताही क्लास तुझ्यासाठी करणार नाही. रोज एका इंग्रजी वर्तमानपत्रातील एक अग्रलेख वाच, अडलेले शब्द आधी अंदाजाने समजून घे आणि मग शब्दकोश उघड, आणि लेखकाचे म्हणणे दोन इंग्रजी वाक्यांत लिही. ती वाक्ये सदोष असतील, लिहीत राहा. त्यातूनच चालू घडामोडींचीही तयारी होते, वेगळी मासिके गोळा करण्याची गरज फार उरत नाही. चाचणीतील चुकांची एक वही असू दे, आणि प्रत्येक चुकीपुढे माहिती नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, तत्त्व सोडून मनाने उत्तर दिले, की वेळ संपला, यांपैकी कारण लिही. महिन्याभरात तुला स्वतःचा कल दिसेल. सीईटीत गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन-चार मिनिटे उरलेल्या प्रश्नांवर खूण करण्यासाठी राखून ठेव. संगणकाच्या पडद्यावर दोन तास वाचण्याची सवय मोबाइलने होत नाही, म्हणून गावात वीज जात असेल तर निदान पंधरवड्यातून एकदा तरी मामांकडे किंवा वर्गाच्या संगणकावर पूर्ण चाचणी दे.

आता पुन्हा मुलीच्या पालकांशी. आपला तिसरा प्रश्न माध्यमाचा. सीईटीत मराठी माध्यमामुळे आपली मुलगी मागे पडणार नाही, हे वरील तपशिलावरून लक्षात आले असेल. महाविद्यालयात गेल्यावर पहिले वर्ष-दीड वर्ष जड जाईल, कारण चांगल्या महाविद्यालयांतील अध्यापन आणि अभ्यासाला लागणारी न्यायालयांची निकालपत्रे इंग्रजीत आहेत. अग्रलेखांचा वरील सराव खरे तर त्या दिवसांसाठी आहे. आणि पुढे वकिली करताना, राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी असल्याने, अहिराणी बोलणाऱ्या पक्षकाराची कैफियत नीट समजून ती नेमक्या मराठीत मांडता येणारी वकील अमळनेरच्या न्यायालयात कोणालाही हवीच असेल. या वर्षी हवे तसे गुण मिळाले नाहीत, तरी बी.ए. करून तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची वेगळी सीईटी देता येते, म्हणून एक वर्ष घरी बसवून पुन्हा क्लास लावण्याचा विचार करू नका.

एक काम मात्र क्लासच्या आधी सुरू करा. आपण ओबीसी प्रवर्गातून अर्ज करणार असाल, तर प्रवेशाच्या वेळी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र आणि प्रवेशाच्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेले नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र लागेल. नॉन-क्रीमी लेयर वेळेवर निघते, पण वैधतेचा अर्ज जळगावच्या जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जातो आणि त्याला महिने लागू शकतात. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा, असे जे काही घरात किंवा गावच्या जुन्या शाळेत असेल, ते याच महिन्यात काढून घ्या आणि मुलीच्या महाविद्यालयामार्फत अर्ज जुलैपूर्वी दाखल करा.